जोड तपासणारे कर्णिककाका

कर्णिककाका आमच्याकडे पहिल्यांदा आले ते आमचाच डबा परत द्यायला. अटलांटाजवळ अल्फारेटाला घर घेऊन आम्हाला जेमतेम महिना झाला होता. शेजारच्या पत्रपेटीवर मराठी आडनाव दिसलं म्हणून मी कोथिंबीरवडी नेऊन दिली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका दारात उभे. डबा रिकामा द्यायचा नाही म्हणून त्यात परसातल्या हिरव्या मिरच्या घातलेल्या. चहा घेणार का विचारलं तर म्हणाले, घेईन. आणि आत येण्याऐवजी घराला वळसा घालून थेट मागच्या अंगणात गेले. तिथे आधीच्या मालकांनी सोडून दिलेला एक लोखंडी झोका होता. काका त्याच्याखाली वाकले, खिशातून छोटी टॉर्च काढली, वरच्या दांड्याचा जोड बघितला, बोटानं चाचपला आणि म्हणाले, "मुलीला यावर बसवू नकोस. तडा गेलाय."

मला काहीच दिसत नव्हतं. त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिली, उजेड तिरपा कसा धरायचा ते दाखवलं, तेव्हा कुठे केसासारखी बारीक रेघ दिसली.

"बघितलं की दिसतं," ते म्हणाले आणि मग चहाला आत आले.

काकांनी आयुष्यभर हेच काम केलं होतं. ते वेल्डिंगचे इन्स्पेक्टर होते. बॉयलर, गॅसच्या टाक्या, पाइपलाइन, जिथे जिथे धातूला धातू जोडलेला असेल तिथे जाऊन तो जोड पास की नापास हे ठरवायचं. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण डोळे निवृत्त झाले नव्हते. देवळात गेले की देवाआधी जिन्याचं रेलिंग बघायचे. मंडळाच्या गणपतीत सगळे पंगतीला बसायचे तेव्हा काका आपली घडीची खुर्ची उलटी करून तिचे पाय तपासत असायचे. लोक हसायचे, तेही हसायचे, पण तपासल्याशिवाय बसायचे नाहीत.

त्यांची एक सवय मला फार दिवस कळली नव्हती. ते हॉटेलात जायचे, इडली पार्सल घ्यायचे आणि तिथेच पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीत बसून खायचे. आत टेबलं रिकामी असली तरी. एकदा मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की नोकरीत असताना त्यांनी एक नियम केला होता: ज्याचं काम तपासायचं, त्याच्याबरोबर जेवायचं नाही. जेवलं की भीड पडते आणि भीड पडली की डोळा चुकतो. त्यामुळे प्रत्येक साइटवर ते डबा गाडीत खायचे. चाळीस वर्षांत ती सवयच होऊन गेली. वेल्डर लोक त्यांच्यावर फारसे खूश नसायचे, हे त्यांनी तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून सांगितलं.

काकू याच्या अगदी उलट. शुभदाकाकू पुण्याच्या, बोलक्या. दर रविवारी मराठी शाळेत मुलांना शिकवायच्या, आणि शनिवारी त्यांच्या स्वयंपाकघरात चार बायका नाहीत असं व्हायचं नाही. काका रेवदंड्याचे, खाडीकाठी वाढलेले, मासे खाणारे. काकूंच्या स्वयंपाकघरात मासा चालत नसे. लग्नाच्या वेळीच तसं ठरलं होतं आणि काकांनी ते कधी मोडलं नाही. घरामागच्या लाकडी डेकवर गॅसची छोटी शेगडी होती, तिच्यावर ते स्वतःचा मासा स्वतः तळायचे. तवा वेगळा, उलथनं वेगळं, ताटलीही वेगळी. थंडीत कानटोपी घालून तळायचे.

मग त्यांची मुलगी केतकी हिला कॅलिफोर्नियात बाळ झालं आणि काका-काकू दोघं तिकडे गेले. काका महिन्याभरात परत आले. तिथे मला काही काम नाही, म्हणाले. काकू तीन महिने राहणार होत्या. बाळ आजारी पडलं म्हणून सहा झाले, केतकीची नोकरी बदलली म्हणून वर्ष झालं, मग दुसरं बाळ झालं. मधे दोनदा काकू आठवडाभर येऊन गेल्या. कोणी विचारलं की काका सांगायचे, "शुभा सध्या तिकडे आहे." हे सध्या चालू होऊन चार वर्षं होत आली होती. भांडण नव्हतं. रोज फोन व्हायचा. औषधं घेतली का, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवला का, नातवाला दात आला का. फोन ठेवला की संपलं. आणि मासा काका अजूनही बाहेर डेकवरच तळायचे.

त्यांच्या दाराच्या बेलमध्ये कॅमेरा होता. त्याचं चित्र काकूंच्या फोनवर दिसायचं. काका बाहेर पडताना त्या कॅमेऱ्यासमोर क्षणभर थांबायचे आणि हळू आवाजात "जाऊन येतो" म्हणायचे. मी हे कितीदा तरी पाहिलं आहे. तिकडे त्या वेळी कोणी फोन बघत असेल का, हे त्यांनाही माहीत नसावं.

आणि एके दिवशी काकांनी बोट आणली.

ऑगस्टचा शनिवार होता. मी बागेला पाणी घालत होते, तर काकांची गाडी वळली आणि तिच्यामागे ट्रेलरवर अ‍ॅल्युमिनियमची एक जुनी, हिरव्या रंगाची मासेमारीची बोट. तीन माणसं बसतील एवढी. आमच्या सोसायटीचा नियम असा की बोट ड्राइव्हवेवर उभी करायची नाही, गराजमध्येच ठेवायची. काकांच्या गराजमध्ये काकूंची गाडी होती. ती कोणी चालवत नव्हतं, पण बॅटरी उतरू नये म्हणून काका दर रविवारी सुरू करून ठेवायचे. त्या दिवशी त्यांनी ती बाहेर काढली आणि तिच्या जागी बोट लावली.

संध्याकाळी मला काकूंचा फोन आला. त्या इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग म्हणाल्या, "मृदुला, माझी गाडी बाहेर का उभी आहे गं?"

मी बोटीचं सांगितलं. ह्यांनी मला सांगितलं नाही, एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बोट कुणाकडून घेतली ते काकांनी मला नंतर सांगितलं. जवळच्या लेनियर तलावाच्या वरच्या अंगाला वॉल्टर नावाचे एक म्हातारे गृहस्थ राहत होते. त्यांची बायको वारली होती आणि बोट तीन उन्हाळे अंगणात पडून होती. काका बघायला गेले तेव्हा वॉल्टरनी कॉफी केली. दोघं अंगणात खुर्च्या टाकून बसले. वॉल्टर मासे कुठे लागतात ते सांगत होते, काका खाडीतल्या माशांचं सांगत होते. दुपार तिथेच गेली. मग काका बोट घेऊन निघाले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी ट्रेलरवरच बोटीत नळीनं थोडं पाणी भरलं आणि खाली बसून बघत राहिले. आत भरलेलं पाणी बाहेर कुठून येतं ते बघायचं, म्हणजे बाहेरचं आत कुठून येईल ते कळतं. मी पोळीभाजीचा डबा द्यायला गेले तेव्हा गराजची फरशी ओली होती आणि काका गुडघ्यावर बसून खडूनं बोटीच्या बुडावर खुणा करत होते. थेंब एका ठिकाणाहून नाही, बऱ्याच ठिकाणांहून पडत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. खुणांच्या जागी त्यांनी रंग खरवडून धातू उघडा केला होता. त्यावर लाल डाय फवारला, थोडा वेळ थांबले, फडक्यानं पुसून घेतला, आणि वर पांढरी पावडर फवारली. सगळं पांढरं दिसत होतं. मग हळूहळू, कोणी आतून पेन्सिल फिरवावी तशी, त्या पांढऱ्यावर लाल रेघ उमटत गेली. भेगेत शिरलेला रंग परत वर येत होता. मागच्या फळीच्या, म्हणजे जिथे मोटर बसवतात तिथल्या, दोन्ही कोपऱ्यांत भेगा होत्या. मधल्या बाकाखाली आडव्या पट्ट्या बुडाला जोडलेल्या असतात, तिथे होत्या. एका ठिकाणी कोणीतरी कधीतरी लांबी भरून वर हिरवा रंग मारला होता, आणि भेग त्या लांबीखालून दोन्ही बाजूंना पुढे गेली होती. मागच्या फळीच्या आतलं लाकूड कुजलं होतं. ते ढिलं झाल्यामुळे मोटरचे हादरे इतकी वर्षं नुसत्या पत्र्यावर आले, असं काकांनी समजावलं.

मी न राहवून विचारलं, "काका, घेताना तुम्ही बघितली नाहीत?"

ते स्टुलावर बसले. हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

"नाही बघितली," ते म्हणाले. "टॉर्च खिशात होती. पण तो माणूस बोलत होता, मी बोलत होतो. इतकं बोलून किती दिवस झाले होते... आणि त्याच्यासमोर वाकून बोट तपासायची, हे बरं नाही वाटलं."

मी फवाऱ्याचे डबे उचलून बाजूला ठेवले आणि घरी आले.

काका बोट परत करतील असं मला वाटलं होतं. ते वॉल्टरकडे गेले खरे, पण परत करायला नाही. भेगा किती जुन्या आहेत, बोट किती पाणी घ्यायची, हे विचारायला गेले. वॉल्टरना ऐकून धक्का बसला. थोडं पाणी येतं हे त्यांना माहीत होतं. सगळ्याच जुन्या बोटींत येतं असं ते समजत होते. ते मागे मोटरपाशी बसायचे आणि बायको पुढे. पाणी डब्यानं उपसून बाहेर टाकायचं काम तिचं होतं. ती गप्पा मारता मारता उपसत असायची, त्यामुळे किती यायचं याचा त्यांनी कधी हिशोबच ठेवला नव्हता. बोट परत घेतो, असं ते दोनदा म्हणाले. काका नको म्हणाले.

त्यानंतर काका अधूनमधून वॉल्टरकडे जायला लागले. दोघं एकत्र सँडविच खायचे, वॉल्टरच्या व्हरांड्यात बसून. गाडीत नाही.

भेगा दुरुस्त करायच्या म्हणजे वेल्डिंग आलं. काकांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे जोड तपासले होते, स्वतः कधी अ‍ॅल्युमिनियम जोडलं नव्हतं. कुणाकडून करून घेतलं असतं तर आठवड्यात झालं असतं. त्याऐवजी एकाहत्तराव्या वर्षी त्यांनी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात वेल्डिंगच्या वर्गात नाव घातलं. शिकवणारी डेनिस नावाची पस्तिशीतली बाई होती. काकांचा पहिला तुकडा तिनं शिकंज्यात धरून वाकवला आणि तो जोडावरच तुटला. तुटलेला तुकडा काकांनी मला आणून दाखवला. इतके खूश मी त्यांना फार दिवसांनी पाहत होते.

"रिजेक्ट केला," ते म्हणाले. "बरोबर केला. आत छिद्रं आहेत, बघ."

मग दर आठवड्याला नवा तुकडा यायचा. अ‍ॅल्युमिनियम अवघड, ते सांगायचे. लोखंड वितळायच्या आधी लाल होतं, सूचना देतं. हे तसंच चकचकीत दिसत राहतं आणि एकदम ओघळतं. हात स्थिर लागतो, आणि त्यांचा उजवा हात थोडा कापायचा. ते डाव्या हाताचा आधार देऊन करायला शिकले. दिवाळीच्या सुमारास त्यांचा एक तुकडा वाकला, पण तुटला नाही. तो त्यांनी स्वयंपाकघरात खिडकीत ठेवला.

काकू रोज फोनवर रागावत होत्या. या वयात डोळ्यांवर कसला उजेड घेताय, धूर छातीत जातो. एकदा केतकीनं मला फोन केला. तिला मराठी कळतं, पण ती बोलते इंग्रजीतच. तिचं म्हणणं असं की बाबांनी घर विकून तिकडे यावं, उन्हाळ्यात विकायचं असं जवळजवळ ठरलं होतं, आणि आता विषय काढला की ते म्हणतात बोट होऊ दे. ती चिडलेली नव्हती, थकलेली होती. तिकडे त्यांच्यासाठी खोली तयार आहे, असं तिनं दोनदा सांगितलं.

बोट मात्र हळूहळूच होत होती. प्रत्येक भेगेच्या टोकाला काकांनी आधी ड्रिलनं बारीक भोक पाडलं, म्हणजे भेग तिथे थांबते, पुढे पळत नाही. मग ती खोदून स्वच्छ केली. कुजलेलं लाकूड काढून नवं बसवलं. फेब्रुवारीत एका शनिवारी डेनिसनं बोट कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आणायला परवानगी दिली. बाकाखालच्या भेगा काकांनी स्वतः भरल्या. मागच्या कोपऱ्यात आडवं पडून हात वर करून काम होतं, ते त्यांच्यानं होईना. ते तिनं केलं. काकांनी टॉर्च लावून तिचा जोड तपासला, पास म्हणून सांगितलं, आणि मग दोघांनी वर्कशॉपबाहेर बाकावर बसून माझ्याकडचे पराठे खाल्ले. हे मला त्यांनी संध्याकाळी डबा परत देताना सांगितलं.

बोट झाली हे वॉल्टरना सांगायला ते गेले तेव्हा घर बंद होतं. वॉल्टर टेनेसीत मुलाजवळच्या वृद्धांच्या घरात राहायला गेले होते. व्हरांड्यात काकांच्या नावाची चिठ्ठी बांधलेली दोन लाकडी वल्ही उभी करून ठेवली होती. काकांनी चिठ्ठीतल्या नंबरवर फोन केला, पण वॉल्टरना फोनवर नीट ऐकू येत नसे. दोघं मोठ्यानं काहीतरी बोलले आणि ठेवून दिला.

एप्रिलमध्ये काकू आल्या, दहा दिवसांसाठी. घर बघायला एजंट येणार होता. त्यांनी कपाटं उघडली, भांडी खोक्यांत भरायला काढली. तिसऱ्या दिवशी काका म्हणाले की एकदा बोट पाण्यात घालू या, मग काय ते करू. काकूंना पोहता येत नव्हतं आणि पाण्याची भीती. मी यावं असा त्यांनी आग्रह धरला, म्हणून मी गेले.

सकाळची वेळ होती, आठवड्याचा मधला दिवस, तलावावर कोणी नव्हतं. काकांनी ट्रेलर मागे घेऊन बोट पाण्यात सोडली. स्वतः आत बसून टॉर्चनं बाकाखाली, कोपऱ्यात बराच वेळ बघितलं. बूड कोरडं होतं. मग ते काकूंना म्हणाले, "येतेस?"

मला वाटलं काकू नाही म्हणतील. पण त्यांनी नारिंगी लाइफ जॅकेट सलवार-कमीजवर चढवलं, माझा हात घट्ट धरून बोटीत पाय टाकला आणि काकांच्या समोरच्या बाकावर बसल्या. काकांनी मोटर लावली नाही. वल्ही मारत ते काठापासून थोडे आत गेले आणि थांबले.

मी काठावरच्या लाकडी टेबलापाशी बसले होते. त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. त्या बोटीत दोन माणसं समोरासमोरच बसू शकतात. सुरुवातीला काकू दोन्ही बाजूंच्या कडा धरून बसल्या होत्या. मग त्यांनी एक हात सोडला आणि बोलायला लागल्या. काका वल्ही मांडीवर आडवी ठेवून ऐकत होते. मग काका बोलले. मग बोट आपोआप थोडी वळली, तेव्हा मला काकू चेहरा पुसताना दिसल्या. माझ्या थर्मासमधला चहा संपला, पण ते काही आले नाहीत. आले तेव्हा ऊन चढलं होतं. गाडीत काकूंनी वाटेत काकांच्या टोपीवरचं गवत काढून टाकलं.

एजंटला नको म्हणून कळवलं. खोकी उघडून भांडी पुन्हा कपाटात गेली. काकू ठरलेल्या दिवशी कॅलिफोर्नियाला गेल्या.

त्या गेल्यावर काका मिरच्या द्यायला आले आणि उभ्या उभ्याच सांगितलं. "मी तिला विचारलं, परत येणार आहेस का? ती म्हणाली, नाही. मुलांत जीव अडकलाय, शिवाय हे घर तिला आता खायला उठतं. मग तिनं मला विचारलं, तुम्ही येणार आहात का? मी म्हटलं, नाही."

मी त्यांना बसा म्हटलं. ते बसले नाहीत.

"चार वर्षं दोघंही म्हणत होतो, सध्या," ते म्हणाले. "ती म्हणाली, आधीच विचारायचं होतंत. मी म्हटलं, तू पण." मिरच्यांची पिशवी माझ्या हातात देत म्हणाले, "रडली. पण बरं झालं."

त्यांना बरं वाटत होतं का, हे मला सांगता येणार नाही. त्या आठवड्यात त्यांच्या खिडक्यांचे पडदे दिवसभर ओढलेलेच राहिले. काकूंची गाडी मंडळातल्या एका नव्या मुलीला देऊन टाकली. मग हळूहळू ते बोट घेऊन जायला लागले, मंगळवारी, गुरुवारी, गर्दी नसेल तेव्हा. काही मिळालं तर मिळालं. पुढे वर्षातून दोनदा पाहुण्यासारखे कॅलिफोर्नियाला जायला लागले, आठवड्यासाठी, परतीचं तिकीट आधीच काढून. काकू त्यांना न्यायला विमानतळावर येतात, हे त्यांनी मला आवर्जून सांगितलं होतं. आणि काकू मला म्हणाल्या की आता हे फोनवर औषधांशिवायही दुसरं काही बोलतात.

माझ्या नवऱ्याला दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला नोकरी लागली आणि आम्ही घर विकायला काढलं. निघायच्या आधीच्या आठवड्यात काकांचं विमान होतं. मी त्यांना अटलांटाच्या विमानतळावर सोडायला गेले. नातवंडांसाठी त्यांनी लाकडाचे दोन मासे स्वतः कोरले होते, ते हातातल्या पिशवीत होते. आत येऊ नकोस, पार्किंग मिळत नाही, असं त्यांनी वाटेतच सांगितलं होतं. उतरताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, मुलीला विचारलं म्हणून सांग, म्हणाले, आणि बॅग ओढत दाराकडे गेले.

पुढची गाडी हलेपर्यंत मी थांबले होते, म्हणून दिसलं. काका काचेच्या दारापाशी पोचले, तेवढ्यात एक कुटुंब मोठ्या गाड्यावर बॅगा रचून आलं. त्यांना वाट द्यायला काका बाजूला झाले. त्यांच्यामागे दुसरं आलं, आई, बाप, आजी, कडेवर मूल. काकांनी त्यांनाही आधी जा असं हातानं सांगितलं. मग आणखी कोणी आलं. दार उघडत होतं, मिटत होतं, आणि काका पिशवी छातीशी धरून सगळ्यांना पुढे जाऊ देत एका बाजूला उभे होते. मागच्या गाडीनं हॉर्न दिला आणि मला निघावं लागलं.